उद्या दुपारी एकच्या आत

धाकटीने ती मेंबरशिप घेतली तेव्हा थोरलीला विचारलं नव्हतं, आणि पहिलं खोकं दारात येऊन पडलं तेव्हा लपवायला वेळही मिळाला नाही. खोक्यात केस धुवायच्या बेसिनला लावायची रबरी मानपट्टी होती. आदल्या संध्याकाळी मागवली आणि दुसऱ्या दिवशी पार्लरचं शटर वर करतेय तोवर हजर.

"एवढी काय घाई होती तिची?" थोरलीने चष्मा नाकावर खाली ओढून विचारलं.

"घाई नव्हती गं ताई. एकदा वर्षाची मेंबरशिप घेतली की सगळंच दुसऱ्या दिवशी येतं."

"म्हणजे घाई नसताना घाई करायचे पैसे."

थोरलीचं बोलणं असंच असायचं, वाक्याखाली रेघ मारल्यासारखं. तिने आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं होतं. गल्लीतले निम्मे बाप्ये तिचे विद्यार्थी, आणि टक्कल पडलेले, पोट सुटलेले ते लोक अजूनही तिला 'बाई' म्हणत आणि ती समोरून आली की हातातली सिगारेट पाठीमागे नेत. तिचे यजमान गेल्यापासून दोघी बहिणी एकत्र राहत होत्या. खाली धाकटीचं पार्लर, वर दोन खोल्या. खाली दिवसभर गप्पा, वाऱ्याची मशिनं, शाम्पूचा वास. वर थोरली, तिचं शब्दकोडं आणि शांतता.

धाकटीला त्या खोक्यांमध्ये काय मिळत होतं हे थोरलीला समजणं जरा अवघडच होतं, कारण ती थोरली होती. घरात जे काही आलं ते आधी तिच्याकडे आलं. फ्रॉक तिचे, मग उसवून धाकटीला. सायकल तिची, मग गंजलेली धाकटीला. लग्नही आधी तिचं, आणि मग धाकटीची वेळ आली तेव्हा वडील अंथरुणाला खिळले. ते उठले नाहीत आणि ती वेळही गेली. धाकटीने त्याचं कधी रडगाणं गायलं नाही. पण मेंबरशिप घेतल्यावर फोनवर जो मजकूर आला, 'तुमची ऑर्डर आम्ही सर्वांच्या आधी पाठवू', तो तिने चारदा वाचला होता. हाच मजकूर लाखो लोकांना गेला असणार हे तिला कळत होतं. तरी 'आधी' हा शब्द वाचून तिला बरं वाटलं, त्याला कोण काय करणार.

त्यामुळे ती मागवत राहिली. कंगवे, कात्रीला धार लावायचा दगड, पावडरीचे ब्रश. थोरली प्रत्येक खोक्याकडे बघून नाक मुरडत राहिली आणि रिकामी खोकी मात्र सपाट करून, दोरीने बांधून जिन्याखाली नीट रचत राहिली.

एके दिवशी दुपारी मागच्या गल्लीतला सुतार पार्लरच्या दारात येऊन उभा राहिला. आडव्या अंगाचा, कानामागे पेन्सिल खोचलेला हा माणूस बायकांच्या पार्लरमध्ये पाय ठेवायला एरवी मेला असता लाजून. पण आज त्याच्या हातात टोपली होती, टोपलीत भुसा होता, आणि चेहरा पार उतरलेला होता.

"ताई, तुमच्याकडे ते गरम हवेचं मशीन आहे ना? टोपीसारखं?"

"आहे. का?"

त्याने टोपली पुढे केली. भुशात सात अंडी होती, कोंबडीच्या अंड्यांपेक्षा मोठी, फिकट हिरवट.

"माझी बदकी गेली," तो म्हणाला. "कुत्रं शिरलं वखारीत. ती अंड्यांवरून उठलीच नाही हो. उठली असती तर वाचली असती."

त्याचं बदक सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. सुतार रंधा मारायला बसला की ते त्याच्या पायाशी बसायचं, आणि उठला की मागोमाग चालायचं. धाकटीने एक अंडं हातात घेतलं. ते अजून कोमट होतं.

"दिवस भरत आलेत," सुतार म्हणाला. "दोन-तीन दिवसांचा प्रश्न. बाजारात सगळीकडे विचारून आलो. अंडी उबवायचं यंत्र कुणाकडे नाही. मागवून देतो म्हणाले, पण आठवडा लागेल म्हणाले. आठवड्यात काय उरणार?"

धाकटीने हातातलं अंडं अलगद भुशात ठेवलं, अॅप्रनला हात पुसले आणि फोन काढला. खुर्चीत बसलेली गिऱ्हाईक अर्ध्या कापलेल्या केसांनी आरशातून बघत होती. धाकटीने शोधलं, बोट फिरवलं, आणखी फिरवलं. यंत्र होतं. पारदर्शक झाकणाचं, आपोआप तापमान राखणारं, दहा अंड्यांचं. आणि खाली हिरव्या अक्षरांत लिहिलेलं होतं: सभासदांना उद्या दुपारी एकच्या आत.

"उद्या येतंय," ती म्हणाली.

सुताराला वाटलं ती त्याची समजूत काढतेय. "उद्या कसं येईल?"

"येईल. मी मेंबर आहे." हे म्हणताना तिची मान जरा ताठ झाली हे तिच्या स्वतःच्याही लक्षात आलं. तिने बटण दाबलं आणि टोपली काखोटीला मारून जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "ताई, खाली ये. आणि तो तापाचा थर्मामीटर घेऊन ये."

थोरली थर्मामीटर घेऊन खाली आली ती कुणाला ताप आलाय म्हणून. टोपली बघून तिने आधी सुताराकडे पाहिलं, मग बहिणीकडे. सुतार तिचाच विद्यार्थी. त्याने नकळत कानामागची पेन्सिल काढून खिशात ठेवली.

"तोवर ही जगवायची कशी?" थोरलीने मुद्द्याचं विचारलं.

मग तिघांनी मिळून डोकी चालवली. टोपीच्या मशीनचा झोत सगळ्यात मंद ठेवला तरी अंड्यांना जास्त होत होता, म्हणून टोपी उंच उचलून खाली उशा रचल्या. उशांवर टॉवेल, टॉवेलवर अंडी, कडेने गरम पाण्याच्या रबरी पिशव्या. कोरडेपणा नको म्हणून जवळ ओला स्पंज. थोरलीने थर्मामीटर अंड्यांच्या मधोमध ठेवला आणि खुर्ची ओढून बसली. दर थोड्या वेळाने ती पारा झटकून पुन्हा लावायची; जास्त दिसला की टोपी वर करायची, कमी दिसला की खाली. कुणी तिला सांगितलं नव्हतं. पण आकडा समोर दिसला की तो जागेवर आणल्याशिवाय तिला चैन पडायची नाही, हा स्वभावच.

रात्री दोघी आळीपाळीने बसल्या. सकाळी धाकटी चहाचे दोन कप घेऊन खाली आली तर थोरली अंड्यांवर वाकून कान देऊन बसलेली.

"काय झालं?"

थोरलीने नुसता हात वर करून तिला गप्प केलं. मग बोटाने जवळ बोलावलं. धाकटी वाकली. आधी काहीच नाही. मग अगदी पातळ, दूर कुठेतरी दाराची बिजागरी वाजावी तसा आवाज आला. अंड्यातून. पुन्हा आला.

"आतून बोलतंय," थोरली कुजबुजली. तिच्या डोळ्यांत जे काही होतं ते धाकटीने फार वर्षांत पाहिलं नव्हतं. "हे बघ, मी बोलले की तेही बोलतं. मघापासून मी पाढे म्हणतेय. सातच्या पाढ्याला तिघं उत्तर देतात."

धाकटीने चहा तसाच ठेवला आणि सुताराला फोन लावला. तो पलीकडून म्हणाला, "म्हणजे आता कधीही फुटतील. पण ताई, आता ऊब एकसारखी हवी आणि हवेत ओल हवी, नाहीतर कवचातल्या कवचात चिकटून मरतात. ते यंत्र किती वाजता येणार?"

"एकच्या आत."

"नक्की?"

"नक्की," धाकटी म्हणाली.

त्या दिवशी पहिली वेळ ठरली होती बँकेतल्या मॅडमची. कोपऱ्यावरच्या बँकेच्या त्या मॅनेजर. कडक इस्त्रीच्या, मोजकं बोलणाऱ्या, दर वेळी केसांची फक्त टोकं कापून घेणाऱ्या. आज मात्र त्यांनी धीर गोळा केला होता आणि केसांत सोनेरी बटा करून घ्यायच्या होत्या. धाकटीने बट बट वेगळी करून रंग लावला, चांदीच्या कागदात गुंडाळली, आणि एकेक कागद दुमडताना डोळा फोनवर. फोनवर नकाशा होता, नकाशावर निळा ठिपका. व्हॅन निघाली होती. ठिपका बाजारपेठेतून सरकला, चौकात थांबला, पुन्हा हलला. त्याच्याबरोबर धाकटीचा जीव वरखाली होत होता.

"कुणी पाहुणे येणार आहेत का?" मॅडमनी आरशातून विचारलं.

धाकटीने सगळं सांगितलं. मॅडमनी चांदीचं डोकं वळवून कोपऱ्यात बघितलं. तिथे टोपीच्या मशीनखाली अंडी, आणि शेजारी निवृत्त गणिताच्या बाई "सात चोक अठ्ठावीस" म्हणतायत. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "मला ऐकता येईल?" आणि उठून, खाली वाकून, कागद अंड्यांना लागू नयेत म्हणून एका हाताने केस धरून त्यांनी कान दिला. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा झाला होता.

ठिपका गल्लीच्या तोंडाशी आला. धाकटी हातमोजे न काढताच दारात धावली. गल्लीच्या तोंडाशी पाण्याच्या नळासाठी सकाळपासून खणून ठेवलं होतं. पत्र्याचे आडोसे, मातीचे ढीग, खणायचं पिवळं यंत्र. त्यापलीकडे पांढऱ्या व्हॅनचं छत दिसलं. थोडा वेळ दिसलं. मग दिसेनासं झालं. फोनवर ठिपका मागे वळला आणि निघाला.

"जातेय," धाकटी म्हणाली. "ताई, व्हॅन परत जातेय."

तिने व्हॅनवाल्याचा नंबर लावला. वाजत राहिला, उचलला नाही. एक-दोन क्षण ती दारातच उभी राहिली, आणि तिला आतून जुनी ओळखीची गोष्ट जाणवली: चला, राहिलं, आपलं असंच. पुढच्या वेळी. मग कोपऱ्यातून तो बिजागरीसारखा आवाज आला, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"मी जाते त्याच्या मागे," ती म्हणाली.

"कशी जाणार? पायी?" थोरली म्हणाली.

"माझी गाडी बँकेपाशी आहे," मॅडम म्हणाल्या. त्या आधीच खुर्चीतून उठल्या होत्या.

"अहो, तुमच्या डोक्यात रंग आहे. वेळ झाली की धुवायला हवा, नाहीतर केस पांढरेफटक पडतील. थांबा, मी आधी धुऊन देते."

"केस परत येतात," मॅडम म्हणाल्या. "चला."

आणि त्या निघाल्या. मागच्या दाराने, कोपऱ्यावरून, बँकेच्या दारावरून. दारावरच्या पहारेकऱ्याने मॅनेजर मॅडमना रोजच्यासारखा सलाम ठोकला आणि हात कपाळावरच राहिला. मॅडमच्या डोक्यावर चांदीच्या कागदांचं रान माजलेलं, मागे धाकटी गुलाबी अॅप्रनमध्ये, दोन्ही हातांत निळे हातमोजे. गाडी सुरू झाली.

"डावीकडे," धाकटी फोनकडे बघत म्हणाली. "आता सरळ. सरळ. नाही, उजवीकडे गेलाय."

"गेलाय की जातोय?"

"काय माहीत. हा ठिपका मागून सांगतो वाटतं."

मॅडमनी गाडी अशी काही वळवली की धाकटीने दाराची मूठ घट्ट धरली. इतकी वर्षं या बाईंचे केस कापले, पण त्या अशी गाडी चालवत असतील असं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. दोघी एकमेकींकडे न बघता हसत होत्या. सिग्नलला व्हॅन दिसली, अगदी शेजारच्या रांगेत. मॅडमनी काच खाली केली आणि हात हलवला. "अहो, ऐका जरा." व्हॅनवाल्याने वळून बघितलं. एक बाई डोक्यावर चमचमते पत्रे घेऊन, दुसरी रंगाने माखलेले निळे हात नाचवत. त्याने निमूटपणे आपली काच वर केली आणि सिग्नल सुटताच गाडी दामटली.

"घाबरला बिचारा," धाकटी म्हणाली.

"जाईल कुठे," मॅडम म्हणाल्या.

तो पेट्रोल पंपावर सापडला. पंपाच्या कडेला सावलीत व्हॅन लावून डबा उघडत होता. पन्नाशीचा, गळ्यात मशीन अडकवलेला, थकलेल्या डोळ्यांचा माणूस. दोघींना येताना बघून त्याने डबा परत बंद केला.

"दादा, घाबरू नका," धाकटीला धाप लागली होती. "तुमच्याकडे माझं खोकं आहे. पार्लरच्या पत्त्याचं. तुम्ही आत्ता गल्लीतून परत गेलात."

"ताई, गल्ली खणलीय. गाडी आत जात नाही. उद्या बघू अशी नोंद मी मशीनमध्ये टाकणार होतो. अजून टाकलं नाही, जेवण झाल्यावर टाकणार होतो."

"मग टाकू नका. मीच ती. द्या ना इथेच."

त्याने मान हलवली. "मशीन मानत नाही. पत्त्यावर उभं राहून कोड घातला तरच खोकं दिल्याचं नोंदतं. इथे दिलं तर माझ्या नावावर हरवलं म्हणून लागेल."

त्यात त्याची काही चूक नव्हती. धाकटीने हातमोजे काढले. जे खरं होतं तेच ती बोलली.

"आत अंडी उबवायचं यंत्र आहे. बदकी मेली, सात अंडी मागे राहिली. आज सकाळपासून पिल्लं आतून ओरडतायत. माझी बहीण त्यांना सांभाळत बसलीय. फार वेळ नाही सांभाळता येणार."

व्हॅनवाला तिच्याकडे बघत राहिला. "आतून ओरडतात?"

"मी स्वतः ऐकलं," मॅडम म्हणाल्या.

तो व्हॅनच्या मागे गेला, दार उघडलं. आत जमिनीपासून छतापर्यंत खोकी. त्याने हात घालून बरोबर एक ओढून काढलं, आणि ते हातात तोलत उभा राहिला.

"सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी हेच उचलतो," तो म्हणाला. "आत काय आहे ते मला कधी कळत नाही. लोक दार उघडतात, घेतात, दार लावतात." मग त्याने डबा सीटवर टाकला. "चला. गल्लीच्या तोंडापर्यंत नेतो. पुढे पायी. पण गाडी सोडून मला जाता येत नाही, मागचं कुलूप बिघडलंय. कुणीतरी उभं राहायला हवं."

"मी राहते," मॅडम म्हणाल्या. "लोकांचा ऐवज सांभाळायची मला सवय आहे."

परत येताना पुढे व्हॅन, मागे गाडी. गल्लीच्या तोंडाशी मॅडम व्हॅनच्या मागच्या दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून, डोक्यावर ऊन चमकत. रस्त्याने जाणारा एकही माणूस त्यांच्याकडे बघितल्याशिवाय पुढे जाईना, आणि त्यांच्या नजरेला नजर भिडताच एकही थांबेना.

खोकं जड नव्हतं, पण आडवं होतं. एक बाजू धाकटीने धरली, दुसरी व्हॅनवाल्याने. मातीच्या ढिगावरून चढले. पलीकडे चर, त्यावर एकच फळी, तीही हलणारी. पिवळ्या यंत्रावरच्या माणसाने हे बघितलं, यंत्र बंद केलं आणि खाली उतरला. "काय आहे त्यात?" "बदकाची पिल्लं," व्हॅनवाला म्हणाला, जणू पिल्लंच खोक्यात होती. यंत्रवाल्याने शेजारची दुसरी फळी ओढून पहिलीला लावली आणि त्यावर पाय देऊन दाबून धरली. धाकटी उलटी चालत होती, पाठीमागे काय आहे ते दिसत नव्हतं. व्हॅनवाला सांगत होता, "आता पाय थोडा डावीकडे. हं. अजून एक. आलं." फळी संपली तशी दोघांनी खोक्यासकट धूम ठोकली.

पार्लरमध्ये थोरली होती तिथेच होती, पण टोपीचं मशीन बंद पडलं होतं. रात्रभर चालून त्याने मान टाकली होती. थोरलीने सगळी अंडी टॉवेलमध्ये गुंडाळून स्वेटरच्या आत, पोटाशी घेतली होती, वरून शाल, आणि दोन्ही बाजूंना गरम पिशव्या. पाठ ताठ. ओठ हलतायत. मधल्या वेळात येऊन पोचलेला सुतार समोर जमिनीवर उकिडवा बसून पाणी गरम करतोय.

"आलं?" थोरलीने एवढंच विचारलं.

"आलं."

व्हॅनवाल्याच्या मशीनने पत्ता ओळखून टुणकन आवाज केला. धाकटीने कोड सांगितला. सुताराने खिशातून पटाशी काढून खोकं फोडलं. यंत्र बाहेर आलं, तार लागली, पाणी घातलं, दिवा लागला. आकडा चढू लागला आणि सगळे त्या आकड्याकडे श्वास रोखून बघत उभे राहिले. तो जागेवर येऊन थांबला तशी थोरलीने स्वेटरमधून एकेक अंडं काढून धाकटीच्या हातात दिलं, आणि धाकटीने ते आत मांडलं. तिसरं अंडं देताना थोरलीचा हात थबकला.

"अगं, हे बघ."

अंड्याच्या जाड बाजूला नखाएवढी चीर होती. चिरेतून काहीतरी टोचत होतं, पुन्हा पुन्हा, थांबून थांबून.

व्हॅनवाला पुढे झाला, डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग तो म्हणाला, "मला जायला हवं," आणि तरी आणखी थोडा वेळ उभा राहिला.

मॅडमचं डोकं धुवायला घेतलं तेव्हा व्हायचं ते झालेलं होतं. बटा सोनेरी व्हायच्या त्या पार रुपेरी, जवळजवळ पांढऱ्या झाल्या होत्या. धाकटीने माफी मागायला तोंड उघडलं. मॅडमनी आरशात डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "असं वाटतंय की आता मला कुणी उगाच कर्ज मागणार नाही," त्या म्हणाल्या आणि तशाच बँकेत गेल्या. पुढच्या आठवड्यात बँकेतल्या दोघीजणी तशाच बटा मागायला आल्या.

पहिलं पिल्लू संध्याकाळच्या आधी बाहेर पडलं. ओलं, चिकट, मान न सावरणारं, कुणी पायाखाली तुडवलेल्या लोकरीच्या गोळ्यासारखं. थोरलीला ते बघून आधी धस्स झालं, पण सुतार म्हणाला असंच असतं, सुकू दे. सुकलं तसं ते फुलत गेलं आणि पिवळं झालं. दुसऱ्या दिवशी आणखी पाच आली. धाकटीने पार्लर बंद ठेवलं नाही. केस कापायला आलेल्या बायका खुर्ची उलटी फिरवून बसल्या आणि आरशाकडे कुणी बघेना. एक पोरगी तर म्हणाली, कसेही कापा.

सातवं अंडं गप्प होतं. थोरली त्याच्यापाशी बसून राहिली. सुताराने अखेर ते उजेडापुढे धरलं, बराच वेळ बघितलं आणि हळूच मान हलवली.

"अजून एक दिवस ठेवू," थोरली म्हणाली. त्याने वाद घातला नाही. एक दिवस ठेवलं. मग त्याने ते रुमालात गुंडाळून नेलं आणि वखारीच्या मागे बदकीशेजारी पुरलं.

सहा पिल्लं केस धुवायच्या बेसिनमध्ये पोहायला शिकली. धाकटीने त्यांच्यासाठी दाणे मागवले, ते दुसऱ्या दिवशी आले, आणि घेऊन आला तोच व्हॅनवाला. गल्ली बुजवून झाली होती तरी त्याने गाडी लांबच उभी केली आणि चालत आला.

"किती?" त्याने दारातूनच विचारलं.

"सहा."

"बघू का?"

त्याने बेसिनवर वाकून बघितलं, बोट पाण्यात बुडवलं. एका पिल्लाने ते बोट चोचीत धरलं. तो इतका खूश झाला की खोकं न देताच निघाला होता. थोरलीने हाक मारून परत बोलावलं.

पंख जरा धरू लागले तसा सुतार पिल्लं न्यायला आला. त्याने वखारीत नवं घर केलं होतं, सागवानी, कुत्र्याच्या बापालाही उघडता येणार नाही अशी कडी लावून. टोपली घेऊन तो वाकला, पण पिल्लं टोपलीत जाईनात. ती थोरलीच्या सपातांभोवती गोळा झाली होती. ती दोन पावलं सरकली की तीही सरकत.

"पाढे म्हणून दाखवा बाई," सुतार म्हणाला, "म्हणजे ऐकतील."

"गप रे," थोरली म्हणाली. पण ती दाराकडे चालायला लागली. पिल्लं एकामागोमाग तिच्या मागे निघाली, उंबरठ्यावरून टुपटुप उड्या मारत, भर रस्त्यात. सुतार रिकामी टोपली घेऊन मागे. खणलेली जागा नव्या डांबराने काळी झाली होती, तिच्यावरून ती वरात मागच्या गल्लीकडे निघाली. सिगारेट ओढत उभे असलेले तिचे दोन जुने विद्यार्थी हात पाठीमागे न्यायचंही विसरले.

धाकटी दारात उभी राहून बघत होती. हातात कात्री, अॅप्रनवर केस. आतून खुर्चीतल्या बाईने विचारलं, "काय चाललंय बाहेर?"

"या इकडे," धाकटी म्हणाली, "असंच या, टॉवेल राहू द्या. लवकर या, वळतील आत्ता."